शहिदांना मानवंदना झाली, जखमींची खबर कोण घेणार?

बपेरा हे भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातले, मध्य प्रदेशच्या सीमेला टेकलेले गाव. मुंबईचे घाटकोपर येथून शेकडो मैल दूर. तरीही या गावच्या विहाराच्या ओट्यावर बसलेल्या पोरांना आम्ही सहज विचारले, "११ जुलै म्हणजे काय रे?" एका पोराने क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले, "रमाबाई नगर. दहा शहीद." छाती भरून आली. चळवळीची स्मृती अजून जिवंत आहे, ती सीमेवरच्या खेड्यापर्यंत पोहोचली आहे, याचा अभिमान वाटला. मग आम्ही दुसरा प्रश्न विचारला, "आणि जखमी किती?" पोरे एकमेकांकडे बघू लागली. तेवढ्यात बाजूला बसलेली एक म्हातारी माय बोलली, "मेले त्याईचे फोटो लावता बाबू, वाचले त्याईची खबर कोन घेते?"

त्या मायच्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही. म्हणूनच हा लेखप्रपंच.

११ जुलै १९९७. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात पहाटे लोकांना दिसले की परमपूज्य बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आहे. ज्या महामानवाने आपल्याला माणूस केले त्याची ही विटंबना बघून लोक घराबाहेर पडले. पूर्व द्रुतगती महामार्गावर निदर्शने सुरू झाली. हातात शस्त्र नव्हते, होता तो संताप. राज्य राखीव पोलीस दलाची तुकडी आली आणि उपनिरीक्षक मनोहर कदम याच्या आदेशाने वस्तीवर गोळ्या झाडल्या गेल्या. दहा जण ठार झाले. सव्वीस जण जखमी झाले. तेव्हा राज्यात शिवसेना-भाजप युतीचे सरकार होते, मुख्यमंत्री मनोहर जोशी होते आणि गृहखाते गोपीनाथ मुंडे यांच्याकडे होते.

दहा हा आकडा आपल्या प्रत्येक भाषणात येतो, प्रत्येक पत्रकात येतो. सव्वीस हा आकडा मात्र कंसात जातो आणि कंसातच राहतो. शहिदांच्या स्मारकावर फूल वाहणे हे आपले कर्तव्यच आहे, त्यात कुठेही कसूर होता कामा नये. परंतु फूल वाहून झाल्यावर मागे वळून बघितले तर त्याच गर्दीत, त्याच गोळीचा मार खाल्लेला माणूस उभा असतो. कधी काठी टेकत, कधी रिकामी बाही लपवत, तर कधी कुठलीच जखम न दाखवता. त्याच्या गळ्यात कोणी हार घालावा असे आमचे म्हणणे नाही. त्याला कोणी काही विचारावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

गोळी लागणे म्हणजे काय, हे सिनेमा बघून कळत नाही. सिनेमातला नायक खांद्यातली गोळी काढून पुढच्या दृश्यात मारामारी करतो. खरी गोळी मांडीच्या हाडाचा चुरा करते, नस तोडते, आतडे फाडते. नाक्यावर उभा राहून दिवसाची मजुरी कमावणारा माणूस महिनोन्‌महिने खाटेला खिळतो. तो उठतो तेव्हा नाका त्याला ओळखत नाही. मुकादम धडधाकट माणूस निवडतो. मग घरातली बाई आणखी दोन घरची भांडी धरते, मोठ्या मुलाची शाळा सुटते, मुलीचे लग्न उरकले जाते. पायात राहिलेला छर्रा थंडीच्या दिवसात ठणकतो. फटाका वाजला तरी अंगाला घाम सुटतो. खाकी रंग दिसला की पावले आपोआप गल्लीत वळतात. गोळी एका माणसाला लागते, परंतु ती अख्ख्या घराच्या आरपार जाते आणि दुसऱ्या पिढीत अडकून बसते.

आणि मनाच्या जखमेचे काय? ती कोणत्या पंचनाम्यात लिहिली जाते? शाहीर विलास घोगरे यांच्या अंगाला एकही गोळी लागली नव्हती. आयुष्यभर डफ वाजवून कष्टकऱ्यांची गाणी गाणारा हा माणूस रमाबाई नगरचे रक्त बघून आतून कोसळला आणि १५ जुलै १९९७ रोजी त्याने गळफास घेतला. गोळीबारानंतर अवघ्या चार दिवसांनी. सरकारच्या यादीत विलास घोगरे मृतांमध्येही नाहीत आणि जखमींमध्येही नाहीत. आनंद पटवर्धन यांनी चौदा वर्षे खपून 'जय भीम कॉम्रेड' हा माहितीपट केला, म्हणून हा शाहीर पुढच्या पिढीला दिसला. ज्यांच्या दारात कॅमेरा पोहोचला नाही असे किती जण आत कोसळले असतील, याची मोजदाद कोणी केली?

आता शासनाची रीत बघा. गोळीबार झाला की पहिल्या तासाभरात एक शब्द जन्माला घातला जातो. तो शब्द म्हणजे 'जमाव'. जमाव हिंसक झाला, जमाव अनावर झाला, जमाव पांगवण्यासाठी नाइलाजाने बळाचा वापर करावा लागला. 'जमाव' म्हटले की माणसाला नाव राहत नाही, घर राहत नाही, आई राहत नाही. मग मेलेला माणूस दंगेखोर ठरतो आणि जखमी झालेला माणूस आरोपी ठरण्याच्या भीतीत जगतो. इस्पितळात जावे तर पोलीस विचारणार, तू तिथे काय करत होतास? न जावे तर जखम सडणार. आपल्या वस्त्यांमध्ये अशी माणसे आहेत, ज्यांनी अटकेच्या भीतीने गोळी लागल्याचे कधी कागदावर येऊच दिले नाही. कागद नाही म्हणून मदत नाही आणि मदत नाही म्हणून ते जखमीही नाहीत. जखमी माणसाला आधी उपचार द्या, कायद्याचे सोपस्कार नंतर, असे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ सालीच बजावले आहे. हे बपेऱ्यातल्या प्रत्येक तरुणाला पाठ पाहिजे.

रमाबाई नगरच्या बाबतीतही हाच खेळ खेळला गेला. महामार्गावर ज्वलनशील वायूचे टँकर होते, जमाव ते पेटवून देणार होता, हजारो लोक मेले असते, म्हणून गोळीबार करावा लागला, अशी कथा पोलिसांनी रचली. कथा चांगली रचली होती. वर्तमानपत्रांतून ती फिरली आणि शहरातल्या मध्यमवर्गाला ती पटलीही. मग ती मोडली कोणी? एखाद्या मंत्र्याने नव्हे. त्या वस्तीत राहणाऱ्या, त्या सकाळी तिथे उभ्या असणाऱ्या, आपली माणसे कोसळताना बघितलेल्या बायाबापड्यांनी ती मोडली. न्या. एस. डी. गुंडेवार आयोगापुढे त्यांनी साक्षी दिल्या. मोठ्या वकिलांच्या उलटतपासणीला तोंड दिले. गोळीबाराचे समर्थन होऊ शकत नाही, असा निष्कर्ष आयोगाने काढला आणि कदम याच्यावर ठपका ठेवला. पुढे २००९ च्या मे महिन्यात मुंबईच्या सत्र न्यायालयाने त्याला सदोष मनुष्यवधासाठी जन्मठेप ठोठावली. त्यानंतर काही दिवसांतच तो उच्च न्यायालयातून जामिनावर सुटला, हा या व्यवस्थेचा दुसरा चेहरा. गोळी झाडायला काही क्षण लागले आणि शिक्षा ऐकायला बारा वर्षे लागली. या बारा वर्षांत साक्षीदार टिकून राहिले म्हणून शिक्षा झाली. ते फुटले असते, थकले असते, गाव सोडून निघून गेले असते, तर आयोगाचा अहवाल मंत्रालयाच्या कपाटात धूळ खात पडला असता. चौकशी आयोगाचा निष्कर्ष सरकारवर बंधनकारक नसतो. बंधन घालते ते जिवंत माणसाचे बोलणे.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. वाचलेला माणूस हा केवळ दयेचा विषय नाही. तो पुरावा आहे. तो चळवळीचा सर्वांत मोठा साक्षीदार आहे. त्याला जपणे म्हणजे न्याय जपणे होय. आणि त्याला एकटे सोडणे म्हणजे खुन्याच्या हातात पुरावा नष्ट करण्याचे साधन देणे होय.

यावर कोणाला शंका असेल तर त्याने बिहारकडे बघावे. ११ जुलै हीच तारीख, फक्त वर्ष १९९६. भोजपूर जिल्ह्यातल्या बथानी टोला येथे रणवीर सेनेने एकवीस जणांची कत्तल केली. त्यात बाया आणि लेकरेच जास्त होती. पुढच्या वर्षी १ डिसेंबर १९९७ च्या रात्री लक्ष्मणपूर बाथे येथे अठ्ठावन्न जणांना ठार मारण्यात आले. खालच्या न्यायालयांनी आरोपींना शिक्षा दिल्या. परंतु पाटणा उच्च न्यायालयाने बथानी टोलाचे सर्व आरोपी २०१२ साली आणि बाथेचे सर्व आरोपी २०१३ साली सोडून दिले. कारण काय, तर साक्षीदारांच्या साक्षी विश्वासार्ह वाटल्या नाहीत! ज्याने लपून बसून आपली बायको, आपली लेकरे मरताना बघितली, त्याचे बघणे न्यायालयाला पुरले नाही. जातीयवादी व्यवस्था दोनदा मारते. एकदा गोळीने मारते आणि दुसऱ्यांदा "तू खोटे बोलतोस" म्हणून मारते. पहिल्या मरणातून वाचलेला माणूस दुसऱ्या मरणातून वाचवायचा असेल, तर पहिल्या दिवसापासून त्याच्या बाजूला कोणीतरी उभे असले पाहिजे. त्याचा जबाब वेळेवर नोंदला गेला का, त्यात आरोपींची नावे आली का, तो वाचून दाखवला का, त्याची प्रत मिळाली का, हे बघणारे कोणीतरी पाहिजे. पहिल्या चोवीस तासांत राहिलेली चूक पंधरा वर्षांनी उच्च न्यायालयात फणा काढते.

भंडारा जिल्ह्याला तर हे सांगण्याची गरजच पडू नये. खैरलांजी याच जिल्ह्यातली, मोहाडी तालुक्यातली. २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातल्या चार जणांची हत्या झाली. तिथे बंदूक नव्हती, परंतु जातीने भरलेली माणसे होती. वाचले ते एकटे भय्यालाल. त्यानंतर २० जानेवारी २०१७ रोजी प्राण जाईपर्यंत हा माणूस न्यायालयाच्या पायऱ्या झिजवत राहिला, मोर्चांत चालत राहिला, एकच गोष्ट हजार वेळा सांगत राहिला. आपण त्याला व्यासपीठावर बसवले, त्याच्यासोबत फोटो काढले. परंतु सभा संपल्यावर तो कुठे जेवला, रात्री कोणाशी बोलला, झोपला की नाही, हे किती जणांनी विचारले? याच खैरलांजीच्या निषेधार्थ महाराष्ट्र पेटला, तेव्हा १४ नोव्हेंबर २००६ रोजी अमरावतीत पोलिसांच्या गोळीबारात आपला एक तरुण भीमसैनिक गेला. न्याय मागायला गेलेल्यावर पुन्हा गोळी! त्याच्याही आधी ४ ऑगस्ट १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी नागपूरच्या रस्त्यावर उतरलेल्या लेकरांवर गोळ्या झाडल्या गेल्या. इंदोऱ्यात त्या शहिदांचे स्मारक आहे. तिथे आपण दर वर्षी माथा टेकवतो. परंतु त्या दिवशी गोळी लागून वाचलेली जी पोरे आज साठी ओलांडून म्हातारी झाली असतील, त्यांची एक साधी यादी तरी आपल्या कोणत्या संघटनेच्या दप्तरात आहे का? असेल तर ती छापावी. आम्ही पहिल्या पानाचा आग्रह धरू.

जगात काय घडते तेही बघू. आयर्लंडच्या उत्तर भागात डेरी नावाचे शहर आहे. ३० जानेवारी १९७२ रोजी तिथे नागरी हक्कांसाठी निघालेल्या मोर्चावर ब्रिटिश सैनिकांनी गोळ्या झाडल्या. तेरा जण त्याच दिवशी मेले, एक जण नंतर दगावला. काही आठवड्यांत न्यायाधीश विजरी यांचा अहवाल आला आणि त्याने सैनिकांना जवळपास निर्दोष ठरवून मोर्चेकऱ्यांवरच संशय घेतला. आपल्याकडच्या 'जमाव' या शब्दासारखाच तो प्रकार. परंतु मृतांची कुटुंबे आणि जखमी एकत्र राहिले. दर वर्षी त्याच रस्त्याने चालत राहिले. अखेर १९९८ साली दुसरी चौकशी नेमावी लागली. त्यात नऊशेहून अधिक साक्षीदार बोलले. १५ जून २०१० रोजी अहवाल आला आणि ब्रिटनच्या पंतप्रधानाला भर संसदेत देशाच्या वतीने माफी मागावी लागली. अडतीस वर्षे लागली, पण 'दंगेखोर' हा कलंक पुसला गेला. कोणी पुसला? वाचलेल्यांनी पुसला.

दक्षिण आफ्रिकेत शार्पव्हिल येथे २१ मार्च १९६० रोजी पास कायद्याविरुद्ध जमलेल्या काळ्या बांधवांवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा ६९ मृतांचा. वर्णद्वेषाची राजवट गेल्यावर तिथे सत्य आणि समेट आयोग बसला. १९९६ पासून या आयोगापुढे खेड्यापाड्यातली माणसे आपापल्या भाषेत बोलली, रडली. एकवीस हजारांहून अधिक पीडितांची निवेदने नोंदवली गेली. आणि नेल्सन मंडेलांनी नव्या संविधानावर सही केली ती १० डिसेंबर १९९६ रोजी, शार्पव्हिलमध्येच. ज्या मातीत रक्त सांडले त्या मातीतच संविधान जन्मले पाहिजे, ही जाण त्या नेत्याला होती.

अमेरिकेत १४ फेब्रुवारी २०१८ रोजी फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या एका शाळेत एका तरुणाने गोळीबार करून सतरा जणांना मारले. वाचलेल्या शाळकरी पोरांनी ठरवले, आता आमच्या वतीने दुसरे कोणी बोलणार नाही. सव्वा महिन्याच्या आत, २४ मार्चला, त्यांनी राजधानी वॉशिंग्टनमध्ये लाखोंचा मोर्चा काढला. त्यांच्या राज्याला बंदूक खरेदीचे किमान वय वाढवून एकवीस करावे लागले. याबद्दल त्या पोरांचे कौतुकच आहे. परंतु एक प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. त्या पोरांसमोर जगातले सगळे कॅमेरे उभे राहिले. आमच्या रमाबाई नगरातल्या पोरांसमोर कोण उभे राहिले? आवाज सगळ्यांजवळ असतो, ध्वनिक्षेपक मात्र काहींच्याच हातात असतो. म्हणून तर बाबासाहेबांना ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढावा लागला. मुक्यांना वाचा नव्हती असे नव्हे. त्यांचे छापायला कोणी तयार नव्हते.

आणि बाबासाहेबांनी जखमींसाठी काय केले, ते महाडला बघा. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून परतणाऱ्या आपल्या बांधवांवर सवर्णांनी हल्ला केला, डोकी फोडली. आपले लोक संख्येने कमी नव्हते आणि भित्रेही नव्हते. त्यात सैन्यातून निवृत्त झालेले गडी होते. बाबासाहेबांनी नुसता इशारा केला असता तर महाडात रक्ताचा पाट वाहिला असता. त्यांनी तो इशारा केला नाही. त्यांनी लोकांना शांत ठेवले, जखमींच्या उपचारांकडे लक्ष दिले आणि प्रकरण पोलिसांत व न्यायालयात नेले. खटला चालला, हल्लेखोरांपैकी काहींना तुरुंगवासाची शिक्षा झाली. जखमेचे रूपांतर त्यांनी सूडात केले नाही, साक्षीत केले. हा आपला वारसा आहे. आपण तो चालवतो आहोत का?

इथे स्वतःवर टीका केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. शासन-प्रशासनाला शिव्या देणे सोपे आहे, त्या आम्हीही देतो आणि देत राहू. परंतु आपल्या घरात काय चालते? स्मृतिदिनाच्या कार्यक्रमाला आठ गट आठ मंडप टाकतात. व्यासपीठावर नेते वीस असतात आणि गोळी खाल्लेला माणूस सतरंजीवर बसतो. फार झाले तर त्याला वर बोलावून शाल-श्रीफळ देतात, छायाचित्र घेतात आणि "वेळेअभावी मनोगत घेता येत नाही" असे सूत्रसंचालक जाहीर करतो. ज्याचे ऐकायला कार्यक्रम ठेवला त्याच्याचसाठी वेळ नाही! एखाद्या बाईला माईक दिलाच तर तिच्या डोळ्यातले पाणी सगळ्यांना हवे असते, तिचा प्रश्न कोणालाच नको असतो. ती रडली तर टाळ्या पडतात. ती म्हणाली, "साहेब, बारा वर्षांत तुमच्यापैकी कोणी आमच्या दारात आले नाही," तर मात्र माईक बंद पडतो. समाजबांधवांनो, हे आपणच करतो. हे मनुवाद्यांनी येऊन केलेले नाही.

मग करायचे काय? नुसते हळहळून चालणार नाही.

पहिली गोष्ट, यादी करा. आपापल्या वस्तीत, गावात, तालुक्यात पोलीस गोळीबारात, जातीय हल्ल्यात जखमी झालेले कोण आहेत, त्यांची नोंद ठेवा. इस्पितळाचे कागद, क्ष-किरणांच्या फिल्मा, प्रथम खबरीची प्रत, अपंगत्वाचा दाखला, सगळे एका पिशवीत आणि त्याची दुसरी प्रत विहारात. गरिबाचे घर गळते, उंदीर कागद खातात. आपला इतिहास शत्रूने कमी आणि पावसाने जास्त खाल्ला आहे.

दुसरी गोष्ट, कायदा वापरा. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली आणि २६ जानेवारी २०१६ पासून कलम १५ अ लागू झाले. हे कलम पीडितांच्या आणि साक्षीदारांच्या हक्कांचे आहे. संरक्षण मागण्याचा हक्क, न्यायालयात जाण्यायेण्याचा खर्च, खटल्याच्या तारखा कळण्याचा हक्क, गरज पडल्यास दुसरीकडे पुनर्वसन, एवढेच नव्हे तर कार्यकर्ता, सामाजिक संस्था वा वकील यांची मदत घेण्याचा हक्क त्यात लिहिला आहे. म्हणजे तुम्ही सोबत गेलात तर ठाणेदार "तू कोण?" असे विचारू शकत नाही. विचारलेच तर कलम दाखवा. १९९५ च्या नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता व नियंत्रण समिती असते आणि तिची बैठक दर तीन महिन्यांनी व्हायला पाहिजे. भंडाऱ्याच्या समितीपुढे किती जखमींची प्रकरणे आली, हे माहितीच्या अधिकारात विचारा. अत्याचाराचा गुन्हा नसला तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे नुकसानभरपाईचा अर्ज करता येतो. साक्षीदार संरक्षण योजनेला सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ रोजी मान्यता देऊन ती देशभर लागू केली आहे. पोलीस चकमकीत मृत्यू झाला तर स्वतंत्र तपास झाला पाहिजे, हे त्याच न्यायालयाने २०१४ साली घालून दिले आहे. ही हत्यारे आपल्या घटनाकाराने दिलेल्या संविधानातून आली आहेत. ती गंजू देऊ नका.

तिसरी गोष्ट, ऐका आणि नोंदवा. आज प्रत्येक पोराच्या हातात मोबाईल आहे. त्याने जयंतीच्या मिरवणुकीतला नाच टिपतो, तर एखाद्या आजोबाची साक्षही टिपता येते. परंतु इथे एक पथ्य पाळा. ज्याचे दुःख आहे त्याची परवानगी घ्या. त्याला बोलायचे नसेल तर बळजबरी करू नका. खटला चालू असेल तर आधी वकिलाला विचारा, कारण उलटतपासणीत एकेक वाक्य धरले जाते. त्याचे नाव, त्याचे घर उघडे पाडून व्हॉट्सअॅपवर सोडू नका, कारण तुम्ही नागपुरात झोपाल आणि त्याला त्याच गावात, त्याच लोकांच्या शेजारी सकाळ काढायची आहे. काही जण म्हणतील, जुन्या जखमा कशाला उकरता, विसरू द्या त्यांना. आमचे उत्तर एवढेच की विसरायचे की सांगायचे, हे ठरवण्याचा हक्क जखमी माणसाचा आहे. तो गप्प बसला तर त्याच्या गप्प बसण्याचा मान ठेवू. तो बोलला तर त्याचा शब्द खाली पडू देणार नाही. आज मात्र तो गप्प आहे तो स्वतःच्या मर्जीने नव्हे, कोणी विचारतच नाही म्हणून.

चौथी गोष्ट, घर सांभाळा. जखमीच्या पोराची फी, मुलीचे वसतिगृह, औषधाचा खर्च, तारखेच्या दिवशी बुडालेली मजुरी. कार्यक्रमाच्या मंडपाचा, डीजेचा, बॅनरचा खर्च अर्धा केला तरी हे भागते. दानपारमिता म्हणतात ती हीच.

बपेऱ्यासारख्या गावाला वाटेल, आपल्याकडे कुठे गोळीबार झाला? परंतु याच टापूतली पोरे कामासाठी नागपूरला, रायपूरला, पुण्या-मुंबईला जातात. मोर्च्यात तीच पुढे असतात. गोळी पत्ता विचारून येत नाही. घाटकोपरच्या लोकांनाही ११ जुलैच्या पहाटे वाटले नव्हते की आज आपल्या दारात रक्त सांडणार आहे. ज्या दिवशी तशी वेळ येईल त्या दिवशी धावाधाव करण्यापेक्षा, आजच प्रत्येक गावात चार जण तयार करा. एकाला कायदा ठाऊक असावा, एकाला इस्पितळ ठाऊक असावे, एकीला बायांशी बोलता यावे, एकाला लिहिता यावे. चार माणसांची ही तुकडी कोणत्याही सेनेपेक्षा मोठे काम करील.

येत्या ११ जुलैला विहारात शहिदांचे फोटो लावा, मेणबत्त्या लावा, त्रिशरण-पंचशील घ्या. आणि मग भाषणाच्या आधी, नेत्याच्या आधी, एखाद्या वाचलेल्या माणसाला पुढे बसवा. तो जवळपास नसेल तर एक खुर्ची त्याच्या नावाने रिकामी ठेवा आणि त्या खुर्चीत पुढच्या वर्षी कोण बसणार, त्याचा शोध घेण्याचे काम त्याच बैठकीत चौघांवर सोपवा.

बपेऱ्याच्या त्या मायला उत्तर द्यायचे आहे. ते भाषणात देता येणार नाही, ते एखाद्या जखमीच्या दारात जाऊनच द्यावे लागेल.

जय भीम!